चूक ऐकणारा शिक्षक



या तालुक्यात नुसतं ‘सर’ म्हटलं की कुणाविषयी बोलणं चाललंय हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून आज मीही त्यांचा उल्लेख तसाच करणार आहे. त्यांच्या स्मरणार्थ बोलायला मला बोलावलंत, याबद्दल या व्याख्यानमालेच्या संयोजकांची ऋणी आहे. विषय कोणता घ्यायचा असं विचारलं गेलं तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. सरांनी आयुष्यभर जे केलं, तोच विषय: मराठी मुलांना इंग्रजी शिकवणं.

सुरुवात एका वहीपासून करते. मी सहावीत होते. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू होई, म्हणजे ए बी सी डी गिरवून वर्षच झालेलं होतं. दोन दिवस शाळा बुडवून मी तिसऱ्या दिवशी वर्गात गेले. सर म्हणाले, का आली नव्हतीस ते इंग्रजीत लिहून दाखव. मी बराच वेळ पेन चावत बसले आणि मग लिहिलं, ‘टू मी फीवर केम.’ वर्गात कुणी हसलं नाही, कारण त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटलं नव्हतं.

सरांनी लाल फुली मारली नाही. त्यांनी माझ्या वाक्याखाली मराठीत लिहिलं, ‘मला ताप आला.’ मग वरून खाली तीन रेघा ओढल्या. ‘टू मी’ला जोडलेलं ‘मला’, ‘फीवर’ला जोडलेला ‘ताप’, ‘केम’ला जोडलेलं ‘आला’. म्हणाले, “बघ, तुझा एकही शब्द चुकलेला नाही. तू मराठीशी प्रामाणिक राहिलीस. पण मराठीत ताप येतो, तुझ्या दारात येऊन उभा राहतो. इंग्रजीत तो येत नाही, तो तुझ्यापाशी असतो.” आणि त्याखाली लिहिलं, ‘आय हॅड अ फीवर.’

ते तेवढ्यावर थांबले नाहीत. फळ्यावर त्यांनी ‘मला’ हा एकच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि आम्हाला त्यापुढे वाक्यं करायला सांगितली. मला भूक लागली. मला थंडी वाजते. मला राग आला. मला दोन भाऊ आहेत. मला पोहता येतं. मला आठवत नाही. फळा भरला. मग एकेका वाक्यासमोर इंग्रजी वाक्य आलं, आणि प्रत्येक ठिकाणी त्या ‘मला’च्या जागी ‘आय’ येऊन बसला. आय ॲम हंग्री. आय ॲम कोल्ड. आय ॲम अँग्री. आय हॅव टू ब्रदर्स. आय कॅन स्विम. आय डोन्ट रिमेंबर. भूक, थंडी, राग, आठवण या गोष्टी मराठीत आपल्याकडे येतात, आपल्याला लागतात, वाजतात. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी माणूस उभा असतो. एवढी मोठी गोष्ट अकरा वर्षांच्या मुलांना पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कळली, आणि ती एका चुकीतून कळली.

पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या चौतीस वर्षांचा निष्कर्ष मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे आणि तो एका वाक्याचा आहे. मुलाच्या इंग्रजी चुकीत त्याची मराठी बोलत असते, आणि ते बोलणं ज्याला ऐकू येतं तोच शिक्षक त्याला इंग्रजी शिकवू शकतो.

हा विचार जगाला नवा नाही. १९६७ साली एडिंबरा विद्यापीठातले एस. पिट कॉर्डर यांनी विद्यार्थ्यांच्या चुकांचं महत्त्व सांगणारा निबंध लिहिला. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. घाईत, थकव्यात होणारी चूक ही निसटलेली चूक; ती आपली आपल्यालाच दुरुस्त करता येते. दुसरी चूक पुन्हा पुन्हा, त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं होते. तिच्यामागे नियम असतो. मुलानं स्वतःच्या डोक्यात तयार केलेला नियम. पाच वर्षांनी, १९७२ साली, लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेला नाव दिलं. शिकणाऱ्याची भाषा ही त्याची मातृभाषा नसते आणि शिकायची भाषाही नसते. दोन्हींच्या मध्ये उभी असलेली ती एक तिसरी भाषा असते आणि तिलाही व्याकरण असतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गावाकडे तेव्हा हे निबंध पोचण्याचा प्रश्नच नव्हता. सर त्याच मुक्कामी पोचले ते वह्यांच्या वाटेनं.

मराठी आणि इंग्रजी यांचा आपल्याकडचा संसार जुना आहे, आणि त्याच्या आरंभी वैर नव्हतं, हे आज मुद्दाम सांगायला हवं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा पानावर दोन स्तंभ होते: एकात इंग्रजी, दुसऱ्यात मराठी. वाचणाऱ्यानं एकातून दुसऱ्यात ये-जा करावी अशी ती मांडणी. त्याच्या आदल्या वर्षी मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश आला होता. १८५४ साली सावित्रीबाई फुल्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह निघाला आणि त्यात इंग्रजी शिकण्याचा आग्रह होता. ज्यांना शतकानुशतकं अक्षराजवळ फिरकू दिलं नव्हतं, त्यांच्यासाठी सावित्रीबाईंना या भाषेत एक उघडं दार दिसलं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवून मराठी गद्याला धार लावली, आणि त्याच चिपळूणकरांनी १८८० साली टिळकांच्या साथीनं पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. इंग्रजीला ‘वाघिणीचं दूध’ म्हणण्याचा शब्दप्रयोगही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. मराठी ज्यांनी उभी केली त्यांनी इंग्रजीला सवत मानलं नाही.

शिकवण्याची रीतही त्या काळाच्या मनासारखीच होती. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कितीतरी पिढ्यांनी वापरली. आधी नियम, मग नमुन्याची वाक्यं, मग मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत भाषांतर. या रीतीचा मोठा गुण असा की तिचा मराठीवर विश्वास होता. मुलाला जे येतं त्यावर पाय ठेवून ती वर चढायला सांगायची. तिचा दोषही तितकाच मोठा. मुलाच्या कानावर इंग्रजी पडत नसे आणि बोलायला कारणही मिळत नसे. पानंच्या पानं भाषांतर करणारा विद्यार्थी तिकीट खिडकीपाशी गप्प उभा राही.

हा दोष काढताना आपण गुणही फेकून दिला. ‘इंग्रजी इंग्रजीतूनच’ ही हाक आली आणि वर्गातून मराठी हद्दपार झाली. मुलानं मराठी शब्द उच्चारला म्हणून दंड घेणारी, गळ्यात पाटी अडकवणारी एक शाळा मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. तिचं नाव इथं घेत नाही, कारण दोष एका शाळेचा नाही. त्या वर्गात मी मागच्या बाकावर बसले होते. बाईंनी प्रश्न विचारला. एका मुलाला उत्तर येत होतं. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण मराठीत बोललं तर दंड आणि इंग्रजीत शब्द सापडत नाही. तो उठला, उभा राहिला, आणि खाली बसला. श्रोतेहो, मुलाची भाषा बंद करून दुसरी भाषा शिकवता येत नाही. तसं केल्यानं मूल गप्प बसायला शिकतं.

आता प्रत्यक्ष वर्गात जाऊ या. मराठी मुलाला इंग्रजीत नेमकं काय अडतं, आणि ते अडलेलं सोडवण्याची किल्ली मराठीतच कुठे सापडते, हे मला दाखवायचं आहे.

‘अ’ आणि ‘द’ या दोन चिमुकल्या शब्दांनी मराठी विद्यार्थ्याचा जितका छळ केला तितका दुसऱ्या कशानं केला नसेल. मराठीत ही उपपदं नाहीत. म्हणून आपण नियमांची यादी पाठ करून घेतो, आणि मुलं ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. मी बरीच वर्षं तेच करत होते. एकदा सातवीच्या वर्गात मी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिली. ‘आबा गाय बघायला गेले.’ ‘आबा गाईला बघायला गेले.’ विचारलं, दोन्हींत फरक काय? शेतकऱ्यांची मुलं ती. एका क्षणात उत्तर आलं. पहिल्या वाक्यातले आबा बाजारात गेलेत, त्यांना गाय विकत घ्यायची आहे, कुठली ते अजून ठरलेलं नाही. दुसऱ्या वाक्यातली गाय आपल्याच गोठ्यातली आहे, ती आजारी असेल किंवा व्याली असेल, आणि ती कोणती हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत आहे. मी म्हटलं, पहिली ‘अ काऊ’, दुसरी ‘द काऊ’. वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग मुलं स्वतःच वाक्यं रचू लागली. मुलगी बघायला गेले, मुलीला बघायला गेले. डॉक्टर शोधतोय, डॉक्टरांना शोधतोय. ‘ला’च्या एका प्रत्ययात मराठीनं जो भेद सांभाळून ठेवला आहे, तोच इंग्रजी दोन शब्दांत सांगते. नियमाच्या सगळ्या पोटकलमांना हे उत्तर पुरत नाही, ते मला ठाऊक आहे. पण भेद मुलाच्या डोक्यात आधीपासून आहे हे एकदा त्याला कळलं, की पोटकलमं नंतर शिकता येतात.

दुसरी गोष्ट ‘च’ची. ‘हे मीच केलं’ हे इंग्रजीत सांगताना आपली मुलं ‘आय ओन्ली डिड इट’ म्हणतात. त्यांनी ‘च’ला शब्द शोधला आणि त्यांना ‘ओन्ली’ सापडला. इंग्रजीत ‘च’चं काम बहुतेक वेळा आवाज करतो. ‘आय’वर जोर दिला की ‘मीच’ होतं, ‘डिड’वर जोर दिला की ‘केलंच’ होतं. हे वहीत दाखवता येत नाही, ते बोलूनच शिकवावं लागतं. तसंच ‘ना’चं. ‘तू येणार ना?’ याचं मूल ‘यू विल कम, नो?’ करतं. त्याला ‘वोन्ट यू’ शिकवायचं असेल तर आधी त्याच्या ‘ना’ला नावं ठेवणं थांबवायला हवं, कारण दोन्ही शब्दांचं काम एकच आहे: समोरच्याकडून होकार काढून घेणं.

उच्चाराच्या बाबतीत तर आपण आपल्याच घरातली भांडी विसरलो आहोत. इंग्रजीशी संबंध आल्यावर मराठी लिपीनं आपलं दार रुंद केलं. ‘बॅट’मधली अर्धचंद्राची खूण आणि ‘बॉल’मधला ऑ मराठीनं या भाषेसाठीच रुळवले. ‘व्हॅन’ लिहिताना आपण ‘व्ह’ लिहितो आणि ‘वॉच’ लिहिताना ‘व’. म्हणजे जो भेद तोंडाला जमत नाही असं आपण म्हणतो, तो लेखणीनं कधीच केलेला आहे. मुलांना तेवढं दाखवलं, ‘व्ह’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायला लावले आणि ‘व’साठी ओठांचा चंबू करायला लावला, की आठवड्याभरात फरक पडतो. ‘झू’ म्हणताना मुलं अडखळतात, तेव्हा मी त्यांना ‘जीव’ आणि ‘जाळं’ असे दोन शब्द म्हणायला सांगते. दोन्हींत अक्षर एकच, पण ज दोन. ‘जाळं’मधला ज त्या इंग्रजी ध्वनीच्या अगदी शेजारी राहतो. तिथून एक पाऊल टाकलं की झालं.

‘शिप’ आणि ‘शीप’ यांत मुलांची गल्लत होते, त्याचंही कारण मराठीत आहे. मराठीत ऱ्हस्व–दीर्घ हा बहुतेक वेळा लेखनाच्या नियमाचा भाग असतो. शब्दाच्या शेवटी आलेली वेलांटी दीर्घ लिहायची, एवढं आपण शिकतो. बोलताना तिच्यामुळे अर्थ बदलेल अशी भीती आपल्या कानाला नसते. म्हणून मराठी कान तो फरक ऐकतच नाही. इथं मुलाला बोलायला लावण्याआधी ऐकायला लावायचं. मी दोन चित्रं लावत असे, एक जहाजाचं आणि एक मेंढीचं, आणि शब्द उच्चारला की मुलांनी बोट दाखवायचं. पहिले चार दिवस बोटं गोंधळतात. मग स्थिरावतात. बोट स्थिरावलं की जीभ मागोमाग येते.

स्पेलिंगचा प्रश्न वेगळा. जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण देवनागरीबद्दल अभिमानानं सांगतो आणि इंग्रजीला लहरी ठरवतो. मुलाच्या मनात मग अशी समजूत होते की इथं कशालाच कारण नाही, सगळं घोकायचं. पण कारण असतं. ‘नाईफ’ आणि ‘नी’ या शब्दांच्या सुरुवातीचा मुका ‘के’ एके काळी बोलला जात होता. छपाई आल्यावर लेखन हळूहळू गोठत गेलं आणि जीभ मात्र पुढे चालत राहिली. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ तर पंडितांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून मागाहून घातला. हे सांगितलं की मुलं लगेच विचारतात, मराठीत असं नाही का? आहे की! आपण ‘ज्ञान’ लिहितो आणि ‘द्न्यान’ म्हणतो. ‘सिंह’ लिहितो आणि ‘सिंव्ह’ म्हणतो. ‘ऋषी’तला ऋ आणि ‘रुपया’तला रु आपल्या तोंडी सारखेच. प्रत्येक जुन्या लिपीच्या पोटात तिचा इतिहास असतो. हे कळलेलं मूल स्पेलिंगला भीत नाही.

आता कळीचा मुद्दा: बोलायला कारण कसं द्यायचं? या प्रश्नाचं एक फार चांगलं उत्तर आपल्याच देशात शोधलं गेलं. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. तो बंगलोर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. साध्या सरकारी शाळा, मोठे वर्ग. त्यांनी व्याकरणाचे पाठ बाजूला ठेवले आणि मुलांना सोडवायला कोडी दिली. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा, पैशांचा हिशेब. मुलांचं लक्ष उत्तराकडे, आणि उत्तरासाठी लागणारी इंग्रजी वाटेत पदरी पडते, अशी ती कल्पना. मी हे वाचलं तेव्हा दुसऱ्याच दिवशी आमच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक उतरवून आणलं. फळ्यावर लिहिलं आणि प्रश्न घातला: एका माणसाला बारा वाजायच्या आत पुण्यात पोचायचं आहे, त्यानं कुठली गाडी धरावी? वर्ग पेटला. “नाईन थर्टी बस.” “नो, नो, लेट होईल!” मी ‘लेट होईल’ला अडवलं नाही. फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘इट विल बी लेट.’ पुढच्या कोड्यात तीन मुलांनी तेच वाक्य वापरलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना ते हवं होतं, म्हणून त्यांनी ते घेतलं.

आणखी एक गोष्ट बंगालनं शिकवली. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्यात होते. १९२६ साली त्यांनी द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला. त्यांनी विचारलेला प्रश्न मला आजही झोपू देत नाही. बहुतेक मुलं शिक्षण पूर्ण होण्याआधीच शाळा सोडतात. तर ज्या दिवशी मूल शाळा सोडेल त्या दिवशी त्याच्या हाती काय उरेल? यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातला शब्द घेतला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हाती किती रक्कम येते, तसं शिक्षण मध्येच सुटलं तर हाती किती भाषा येते? सातवीत शाळा सुटलेल्या मुलीला इंग्रजीतल्या काळांची बारा नावं पाठ असतील, पण औषधाच्या पट्टीवरची ओळ लागत नसेल, तर त्या सात वर्षांची किंमत शून्य झाली. वेस्ट यांचं उत्तर होतं वाचन: मोजक्या, नेहमीच्या शब्दांत लिहिलेली, रस वाटेल अशी सोपी पुस्तकं, आणि ती भरपूर. माझा अनुभव त्यांच्या बाजूनं साक्ष देतो. पाठ्यपुस्तक वर्षाला एक असतं. एका पुस्तकानं कुणाला भाषा आलेली नाही. आज प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत पैसे न मोजता वाचता येते. ‘दर्पण’चे दोन स्तंभ आपल्या मोबाईलवर येऊन उभे राहिले आहेत. ते उघडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पण इंग्रजी वाचण्याआधी एक पायरी आहे. जे मूल मराठी सहज वाचू शकत नाही, त्याला इंग्रजी वाचायला लावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९पासून हे सातत्यानं मांडलं आहे. दोन भाषा पाण्यावर दोन वेगळ्या हिमनगांसारख्या दिसतात, पण पाण्याखाली त्यांचा पाया एक असतो. अर्थ लावणं, अंदाज बांधणं, कारण शोधणं हे एकदा एका भाषेत आलं की दुसऱ्या भाषेत ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागत नाही. आपल्याकडे फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी स्वतः मराठी आत्मसात केली आणि इथल्या मुलांच्या मराठी वाचनासाठी आयुष्य वेचलं. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांनी आपल्या मुलांच्या मराठीला आधी हात घातला, यातला अर्थ आपण ओळखला पाहिजे.

आणि मराठी म्हणताना माझ्या मनात केवळ प्रमाण मराठी नाही. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल आहे, गडचिरोलीत गोंडी बोलणारं आहे, तांड्यावर गोरमाटी बोलणारं आहे, खानदेशात अहिराणी बोलणारं आहे. यांतल्या कितीतरी मुलांसाठी शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्यांच्या वहीत इंग्रजी चूक दिसली तर तिच्यात कोण बोलतंय हे ओळखायला शिक्षकाला त्यांच्या बोलीतली चार वाक्यं तरी यायला हवीत. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली एक मुलगी होती. तांड्यावरची. दिवाळीनंतर ती वर्गातून नाहीशी व्हायची आणि उन्हाळ्यात परतायची. मी तिच्याकडून गोरमाटीतलं ‘मला भूक लागली’ शिकून घेतलं आणि ते फळ्यावर मराठी आणि इंग्रजीच्या शेजारी लिहिलं. फळ्यावर तीन वाक्यं झाली. तोवर तिनं वर्गात कधी हात वर केला नव्हता. त्या तासाला केला.

२००० साली महाराष्ट्रानं सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाले. मी त्या निर्णयाच्या बाजूची होते आणि आजही आहे. शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला जे मिळतं ते वाडीवरच्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न न्यायाचा होता. पण न्याय आदेशानं सुरू होतो आणि वर्गात पूर्ण होतो. स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या, इंग्रजी बोलायची कधी वेळ न आलेल्या हजारो गुरुजींच्या आणि बाईंच्या हाती आपण पहिलीचं पुस्तक दिलं. त्यांना द्यायला हवी ती साथ दिली नाही. चार दिवसांचं प्रशिक्षण, एक पुस्तिका, आणि लगेच चाचणी. त्यांनी भीतीपोटी जे केलं ते कुणीही केलं असतं: तयार उत्तरं फळ्यावर लिहून दिली. मुलांनी ती उतरवली, पाठ केली. परीक्षेत प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली तरी गाईडं बदलली, घोकंपट्टी तशीच राहिली. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासताना एकाच शाळेच्या चाळीस मुलांचा ‘माय फेव्हरिट टीचर’ शब्दन् शब्द सारखा, असं मी पाहिलं आहे. त्या चाळीस निबंधांत एकही चूक नव्हती. आणि त्या चाळीस निबंधांत एकही मूल नव्हतं.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे: बिनचूक वहीला भुलू नका. ज्या वहीत चुका आहेत, तिथं कुणीतरी विचार करतंय.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावं असं म्हटलं आहे. ते योग्यच आहे. पण मराठी माध्यमाच्या बाजूनं बोलणाऱ्या आपण सगळ्यांनी एक गोष्ट मनावर घेतली पाहिजे. आई-बाप मुलाला इंग्रजी शाळेत घालतात ते मराठीच्या द्वेषानं घालत नाहीत. मराठी शाळेत इंग्रजी नीट शिकवली जाणार नाही या भीतीनं घालतात. ती भीती भाषणांनी जाणार नाही. मराठी शाळेतून बाहेर पडलेलं मूल सरळ, निर्भय इंग्रजी बोलू-लिहू लागलं तरच ती जाईल. मराठी शाळा टिकवायच्या असतील, तर मराठी शाळेतली इंग्रजी सुधारणं हे मराठीचंच काम आहे.

शिक्षक बंधुभगिनींकडे मी एवढंच मागते. आठवड्यातून एक तासिका चुकांसाठी ठेवा. वह्यांतली पाच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा, त्यांच्याखाली मुलांच्या मनातलं मराठी वाक्य लिहा, आणि दोघांमध्ये रेघा ओढा. याला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही, केंद्रप्रमुखांची मंजुरी लागत नाही. खडू लागतो.

आणि इथं बसलेल्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना विनंती आहे. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. आज घरी गेल्यावर मुलाची इंग्रजीची वही उघडा. लाल फुली मारलेलं एक वाक्य काढा आणि त्याला शांतपणे विचारा, “बाळा, तुला इथं मराठीत काय म्हणायचं होतं?” तो सांगेल. त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत ऐकून घ्या. सर वर्गात रोज तेच करत होते.